दोरीचे दुसरे टोक

अपंगत्व असलेल्या मुलाच्या संगोपनाविषयी मराठीत जे लेखन झाले आणि महाराष्ट्रात जे काम उभे राहिले, त्याच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने आईवडील आहेत, आणि ते स्वाभाविकही आहे. नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ साली सुरू केलेल्या प्रबोधिनी विद्यामंदिराची प्रेरणा त्यांच्या स्वतःच्या मुलात होती. पुढे गावोगावी ज्या विशेष शाळा, कार्यशाळा आणि पालक संघटना निघाल्या, त्यांपैकी अनेकांच्या मुळाशी असाच एखाद्या आईचा किंवा वडिलांचा अनुभव सापडतो. परंतु त्याच घरात, त्याच छताखाली, त्या मुलाच्या पाठीवर किंवा त्याच्याआधी जन्मलेले आणखी एक मूल पुष्कळदा असते, जे औषधांच्या वेळा न शिकवता शिकते, पाहुण्यांच्या प्रश्नांना आईच्या आधी उत्तर देते आणि स्वतःच्या तक्रारी मात्र मनात ठेवते. या मुलाबद्दल फारसे कोणी विचारत नाही. हे मूल धावपटू असेल, म्हणजे ज्याचे पाय त्याला घरापासून लांब नेऊ शकतात असे असेल, आणि त्याचे भावंड मात्र चालू, पाहू किंवा सहज बोलू शकत नसेल, तर त्या दोघांमधल्या नात्याचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या नात्याचे पहिले वैशिष्ट्य त्याच्या कालावधीत आहे. आईवडिलांची सोबत माणसाला आयुष्याच्या पूर्वार्धात मिळते, जोडीदाराची आणि मुलांची उत्तरार्धात. भावंडाची सोबत मात्र बालपणापासून म्हातारपणापर्यंत पुरू शकते, आणि ज्याला रोजच्या जगण्यासाठी दुसऱ्याचा आधार लागतो त्याच्या बाबतीत ही गोष्ट केवळ भावनेची राहत नाही. ‘आमच्या माघारी याचं कोण बघणार?’ हा प्रश्न अपंग मुलाच्या प्रत्येक आईवडिलांच्या मनात असतो, आणि त्याचे उत्तर म्हणून घरातल्या दुसऱ्या मुलाकडे पाहिले जाते. फक्त त्या मुलाला ते कोणी मोकळेपणाने विचारलेले नसते. त्याला लहानपणीच ‘समजूतदार’ ही पदवी मिळते, आणि ती एकदा मिळाली की हट्ट करण्याचा, रुसण्याचा, नापास होण्याचा त्याचा हक्क हळूहळू संपतो. मुलगी असेल तर आणखी एक पेच असतो: लग्न होऊन ती सासरी जाणार असे गृहीत धरलेले असते, तरी जाईपर्यंतची सेवा बहुतेक तिच्याच वाट्याला येते, आणि स्थळे पाहताना घरात असे भावंड आहे ही गोष्ट सांगायची कधी आणि कशी, यावर थोरामोठ्यांची कुजबूज तिच्या कानावर पडत राहते. अमेरिकेत सिॲटल येथे डॉन मेयर यांनी १९८२ साली ‘सिबशॉप’ या नावाने खास अशा भावंडांसाठी मेळावे सुरू केले, ज्यांत खेळ, खाणेपिणे आणि गप्पा यांच्या ओघात ही मुले स्वतःसारख्याच दुसऱ्या मुलांना भेटतात. राग, लाज, काळजी आणि अभिमान या चारही भावना एकाच मुलात एकाच दिवशी असू शकतात, हे मान्य करणे हा त्या उपक्रमाचा गाभा आहे. आपल्याकडे ही मान्यता अजून दुर्मीळ आहे.

कायद्याकडे पाहिले तरी हेच चित्र दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. त्यात काळजीवाहक या संज्ञेची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत आईवडिलांचा नामोल्लेख आहे, भावंडे मात्र ‘कुटुंबातील इतर सदस्य’ या शब्दांत सामावलेली आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवरील ताबा बिघडण्याची कायमची अवस्था), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला, ज्यानुसार मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती अशा तिघांची स्थानिक स्तरीय समिती असते, आणि तिच्याकडे ‘आई, वडील किंवा नातेवाईक’ अर्ज करू शकतात. म्हणजे भाऊ आणि बहीण येथेही नातेवाईक या सर्वसाधारण शब्दात मिसळून जातात, परंतु एकदा नेमणूक झाली की जबाबदारी अगदी नेमकी असते: सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. ज्याला लहानपणी कोणी काही विचारले नाही, त्याच्याकडे मोठेपणी कायदा हिशेब मागतो, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

सोलापूरसारख्या शहरात या प्रश्नाला कष्टकरी घरांची आणखी एक बाजू आहे. १८७७ साली येथे कापड गिरणी उभी राहिली तेव्हापासून या शहराची वस्ती सूत आणि मागाभोवती वाढली, गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमाग राहिले, आणि शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाची घरे चादर, टॉवेल आणि विडी यांवर उभी राहिली. विडी वळणारी बाई घरातच बसून काम करते: तेंदूची पाने भिजवायची, कात्रीने मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची आणि ठरलेल्या वेळी कारखान्यात माल द्यायचा. मजुरी नगावर असल्यामुळे हात थांबला की पैसा थांबतो, आणि म्हणून अशा घरात ज्या मुलाला उचलावे, भरवावे किंवा सतत नजरेखाली ठेवावे लागते, त्याची निम्मी देखभाल शाळेतून आलेल्या थोरल्या भावंडाकडे सहजच सरकते. प्रमाणपत्रासाठी आणि ‘युडीआयडी’ कार्डासाठी, म्हणजे देशभर चालणाऱ्या अपंगत्वाच्या एकाच ओळखपत्रासाठी, सिव्हिल रुग्णालयात जाण्याचा दिवस आला तर आईची मजुरी बुडते आणि बहुधा भावंडाची शाळाही. या श्रमाची कोठेही नोंद नसते.

अशा मुलाच्या आयुष्यात धावणे येते तेव्हा ते दोन गोष्टी घेऊन येते. धावायला मैदान आणि पाय यांखेरीज जवळजवळ काही लागत नाही, त्यामुळे गरीब घरातल्या मुलाला जो खेळ खरोखर परवडतो त्यात धावणे पहिले आहे. आणि दुसरे म्हणजे धावण्याच्या सरावाचा तास हा बहुतेक वेळा त्याचा एकट्याचा, घराच्या हाकेच्या पलीकडचा एकमेव तास असतो. हा दुसरा मुद्दा नजरेआड केला तर भावंडांच्या नात्यावरचे सगळे लेखन गोड होऊन जाते. सोलापूरच्या पार्क मैदानाकडे पहाटे निघालेले मूल घरच्या जबाबदारीपासून थोडे दूर पळत असते, आणि त्यात चूक काही नाही. प्रश्न असा आहे की त्या तासात भावंडालाही जागा करता येईल का, आणि ती जागा करताना तो तास पुन्हा सेवेचा तास होऊ नये यासाठी काय करावे लागेल.

भावंडाच्या प्रेमातून खेळाची एक जागतिक चळवळ उभी राहिल्याचे उदाहरण इतिहासात आहे, आणि ते येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या केनेडी कुटुंबातील रोझमेरी ही मुलगी १९१८ साली जन्मली. तिची बौद्धिक वाढ मंद होती, परंतु ती पोहायची, शिडाच्या नावेत बसायची, भावंडांबरोबर खेळायची, आणि तिच्याहून लहान असलेली युनिस या खेळांतली तिची जोडीदार होती. १९४१ साली, तेवीस वर्षांची असताना, वडिलांच्या संमतीने रोझमेरीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यात आली; ती फसली, रोझमेरी धड चालू-बोलू शकेनाशी झाली, आणि पुढे दशकानुदशके तिला एका संस्थेत, जगाच्या नजरेआड ठेवण्यात आले. भाऊ जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना, १९६२ साली, युनिसने एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून आपल्या बहिणीची अवस्था जाहीरपणे सांगितली आणि त्याच उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी खेळांचे शिबिर भरवले. त्या शिबिरातून सहा वर्षांनी, २० जुलै १९६८ रोजी, शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिले स्पेशल ऑलिंपिक झाले. बर्लिन येथे २०२३ साली झालेल्या याच स्पर्धेतून भारताच्या खेळाडूंनी २०२ पदके आणली. या चळवळीत ‘युनिफाइड’ नावाचा एक प्रकार आहे, ज्यात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात, एकाच गणवेशात खेळतात. युनिस आणि रोझमेरी लहानपणी जे सहज करत होत्या त्याचेच ते नियमबद्ध रूप म्हणता येईल. युनिसचे कर्तृत्व मोठे आहे, तरीही ते रोझमेरीच्या शस्त्रक्रियेनंतर वीस वर्षांनी उभे राहिले आणि मधल्या काळात घरात त्या विषयावर मौन होते, हेही नोंदवले पाहिजे, कारण आपल्याकडच्या घरांना या कथेतले यश जितके परके वाटेल तितके ते मौन परके वाटणार नाही.

लहान वयातील धावणाऱ्या भावाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील कॉनर आणि केडन लाँग या दोन भावांचे आहे. धाकट्या केडनला सेरेब्रल पाल्सी असल्याने तो चालू किंवा बोलू शकत नव्हता. २०११ साली नॅशविल येथे मुलांसाठी झालेल्या त्रिक्रीडा शर्यतीत, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्ही टप्प्यांच्या शर्यतीत, सात-आठ वर्षांच्या कॉनरने भावाला बरोबर घेऊन भाग घेतला: पोहताना केडन हवेच्या छोट्या होडीत होता आणि होडीची दोरी कॉनरला बांधलेली होती, सायकलमागे गाडा जोडला होता, आणि शेवटच्या टप्प्यात कॉनरने तोच गाडा ढकलत धाव पूर्ण केली. पुढच्या वर्षी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुलांच्या मासिकाने या दोघांना मिळून वर्षाचे बालखेळाडू ठरवले. पुरस्कार दोघांना मिळून होता, एकट्या कॉनरला नव्हे, ही त्यातली महत्त्वाची बाब.

या प्रकाराचे मूळ मॅसॅच्युसेट्समधील हॉइट कुटुंबात आहे. १९६२ साली जन्मलेल्या रिक हॉइटला सेरेब्रल पाल्सी होती. टफ्ट्स विद्यापीठातील अभियंत्यांनी त्याच्यासाठी डोक्याच्या हालचालीने अक्षरे निवडण्याचे यंत्र तयार केले, तेव्हा तो पहिल्यांदा आईला हाक मारेल की वडिलांना, असा घरात सगळ्यांचा तर्क चालला होता, आणि त्याने जुळवलेले पहिले शब्द निघाले बॉस्टनच्या हॉकी संघाला प्रोत्साहन देणारे. आपल्या भावांप्रमाणेच तोही खेळ पाहत, समजत आणि त्यात गुंतत होता, हे घरच्यांना त्या क्षणी कळले. १९७७ साली, पक्षाघात झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी आठ किलोमीटरची धाव होती. तीत आपल्यालाही भाग घ्यायचा आहे असे रिकने वडिलांना सांगितले आणि वडील डिक यांनी त्याची खुर्ची ढकलत ती पूर्ण केली. धावताना आपण अपंग आहोत असे वाटत नाही, असे रिकने त्या रात्री यंत्रावर लिहून दाखवले. पुढे या पितापुत्रांनी बॉस्टन मॅरेथॉन तीसहून अधिक वेळा पूर्ण केली, परंतु सुरुवातीला आयोजक त्यांना अधिकृत प्रवेश देत नव्हते, आणि तो मिळवण्यासाठी त्यांना रिकच्या वयोगटाची, म्हणजे वडिलांच्या मानाने कितीतरी कठीण अशी, पात्रतेची वेळ गाठावी लागली. डिक २०२१ मध्ये आणि रिक २०२३ मध्ये वारले.

ढकलून धावण्याच्या या प्रकारावर अपंग हक्कांच्या चळवळीतून एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. खुर्चीत बसलेल्याचे चित्र पाहून धडधाकट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते, टाळ्या ढकलणाऱ्याला मिळतात, आणि बसलेल्या माणसाची इच्छा, कंटाळा, भीती किंवा नकार यांचा विचार कोणी करत नाही. ऑस्ट्रेलियातील पत्रकार स्टेला यंग, ज्या स्वतः चाकाच्या खुर्चीचा वापर करत असत, त्यांनी अपंगांना इतरांच्या स्फूर्तीचे साधन बनवण्याच्या या सवयीवर कठोर टीका केली होती. हॉइट यांचे उदाहरण या आक्षेपाच्या कसोटीला उतरते ते एकाच कारणाने: धावण्याची मागणी रिकची होती. म्हणून भावंडांच्या बाबतीत पहिला निकष हाच असला पाहिजे की बसणाऱ्याने होकार दिला आहे काय, आणि शब्दांनी नसेल तर हसण्याने, मान फिरवण्याने, अंग ताठ करण्याने तो काय सांगतो ते धावणाऱ्याला वाचता येते काय. या वाचनात भावंडाइतका तरबेज माणूस सहसा घरात दुसरा नसतो.

याहून अधिक समान पातळीवरचे नाते दिसते ते अंध धावपटू आणि त्याच्या मार्गदर्शक धावकाच्या जोडीत, आणि त्याचे नियम एकेक करून समजून घेण्यासारखे आहेत. जागतिक पॅरा ॲथलेटिक्समध्ये दृष्टिदोष असलेल्यांचे तीन गट असतात. टी-११ गटात जवळजवळ पूर्ण अंधत्व असलेले धावपटू येतात, त्यांना डोळ्यांवर पट्टी किंवा काळा चष्मा लावावा लागतो आणि मार्गदर्शकाबरोबरच धावावे लागते. टी-१२ गटात मार्गदर्शक घेणे ऐच्छिक असते. टी-१३ गटात तो घेता येत नाही. दोघांच्या हातांत एकाच दोरीची दोन टोके असतात, आणि ती दोरी ताणली जाणारी नसावी असा नियम आहे. मार्गदर्शकाने धावपटूला ओढायचे नाही, ढकलायचे नाही, आणि अंतिम रेषा त्याच्या आधी ओलांडायची नाही. यांपैकी काहीही घडले तर जोडी बाद होते. आठ मार्गिकांच्या ट्रॅकवर या गटांच्या वेगवान शर्यतींत प्रत्येक जोडीला दोन मार्गिका मिळतात, त्यामुळे अंतिम फेरीत चारच धावपटू असतात. एकत्र धावण्याचे तंत्र प्राथमिक शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या तीन पायांच्या शर्यतीसारखे असते: आतले दोन हात एकाच वेळी पुढे जातात, आतले दोन पाय एकाच वेळी पडतात, आणि एकाची लय चुकली की दोघेही अडखळतात. वळण कोठे सुरू झाले, पुढे किती अंतर राहिले, शेजारचा किती जवळ आला, हे मार्गदर्शक धावता धावता सांगत राहतो, म्हणजे त्याचा दम बोलूनही उरला पाहिजे. म्हणून तो धावपटूपेक्षा वेगवान असावा लागतो, आणि आपला जादा वेग मात्र त्याला वापरता येत नाही.

या नियमांची कठोरता पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ८ सप्टेंबर २०२४ रोजी जगाने पाहिली. स्पेनची एलेना कॉन्गोस्त महिलांच्या टी-१२ मॅरेथॉनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर होती; शेवटच्या काही मीटरवर तिचा मार्गदर्शक पायात गोळे येऊन कोसळू लागला, त्याला सावरण्यासाठी तिने क्षणभर दोरी सोडली, आणि रेषा ओलांडूनही त्या दिवशी ती बाद ठरवली गेली. अंध धावपटूने डोळस मार्गदर्शकाला आधार दिला, हे या घटनेचे मर्म आहे. अपंग भावंड नेहमी घेणारे आणि दुसरे नेहमी देणारे, अशी जी विभागणी घरोघर गृहीत धरली जाते, ती एवढ्या काही सेकंदांत खोटी ठरली.

भावांच्या जोडीचे सर्वांत प्रदीर्घ उदाहरण बर्फावरच्या शर्यतींतले आहे, परंतु त्याचा गाभा तोच आहे. कॅनडाचे रॉबिन आणि ब्रायन मॅककीव्हर हे दोघेही लांब पल्ल्याचे स्कीपटू. थोरला रॉबिन १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला होता, आणि त्याच सुमारास, एकोणीस वर्षांचा असताना, ब्रायनची दृष्टी स्टारगार्ट नावाच्या आनुवंशिक विकाराने जाऊ लागली, ज्यात नजरेचा मध्यभाग नाहीसा होतो आणि कडेचे तेवढे दिसत राहते. वडिलांनाही हाच विकार होता. म्हणजे एकाच घरात एका भावाच्या वाट्याला तो आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला आला नाही. रॉबिन २००२ पासून २०१० पर्यंतच्या पॅरालिंपिकमध्ये ब्रायनचा मार्गदर्शक म्हणून पुढे धावला आणि नंतर प्रशिक्षक झाला. ब्रायनने एकूण सोळा सुवर्णपदकांसह कारकीर्द संपवली. अल्जीरियाच्या बाका बंधूंचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. अब्देललतीफ आणि फौआद हे दोघेही भाऊ टी-१३ गटातले, म्हणून मार्गदर्शकाशिवाय, एकमेकांविरुद्ध धावणारे. रिओ पॅरालिंपिकमध्ये २०१६ साली १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत अब्देललतीफ ३ मिनिटे ४८.२९ सेकंदांत पहिला आला आणि फौआद चौथा. तरीही त्याच मैदानावर त्या वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या धावपटूला लागलेल्या ३ मिनिटे ५० सेकंदांपेक्षा फौआदची वेळ कमी होती. ऑलिंपिकची ती शर्यत डावपेचांची आणि संथ झाली होती हे खरे असले, तरी पदकाविना परतलेल्या त्या भावाची वेळ विसरण्याजोगी नाही.

भारतात दृष्टिहीन धावपटूंच्या जोड्या अलीकडे नावारूपाला आल्या आहेत. कर्नाटकातील चिक्कमगळुरूची रक्षिता राजू आणि तिचा मार्गदर्शक राहुल बालकृष्ण यांनी आशियाई पॅरा स्पर्धांत १५०० मीटरचे सुवर्ण मिळवले, आणि पॅरिसमध्ये सिमरन शर्मा व अभय सिंग या जोडीने २०० मीटरमध्ये कांस्य आणले. हे मार्गदर्शक रक्ताचे भाऊ नाहीत, पण असे मार्गदर्शक मिळणे किती अवघड असते हे पाहिले, की धावणारे भावंड घरातच असणे केवढी अनुकूल गोष्ट आहे ते कळते. सोलापूरच्या पूर्व भागातील घरांना आणखी जवळची वाटावी अशी धावपटू म्हणजे तेलंगणातील वरंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी. बौद्धिक अक्षमता असलेल्या टी-२० गटातल्या या मुलीने मे २०२४ मध्ये कोबे येथे ४०० मीटर ५५.०७ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला आणि सप्टेंबरमध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले. लहानपणी गावात तिला वेडी म्हणून हिणवत असत, आणि आईवडील शेतमजुरी करत होते. सोलापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर करमाळा तालुक्यातील सुयश जाधव याने लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावल्यानंतर २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकपर्यंत आणि २०२० च्या अर्जुन पुरस्कारापर्यंत मजल मारली. तो धावपटू नव्हे, जलतरणपटू आहे, आणि वडील स्वतः पोहणारे असल्यामुळे पाण्याची ओढ त्याला घरातूनच मिळाली होती. घरात खेळ असला की अपंगत्व आलेल्या मुलापर्यंत तो पोहोचतो, हे या उदाहरणातून दिसते.

सोलापूरच्या रस्त्यावर एखाद्या भावंडांच्या जोडीला प्रत्यक्ष धावायचे झाले तर काही व्यावहारिक गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतील, आणि त्यांतली पहिली ऊन ही आहे. या शहराचा पारा उन्हाळ्यात ४३ अंशांच्या पुढे जातो. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, आणि फेफऱ्यासाठी दिल्या जाणाऱ्या टोपिरामेटसारख्या काही औषधांनीही घाम कमी होतो, त्यामुळे धावणारा घामाने थंड होत असतानाच खुर्चीत बसलेल्याचे अंग आतून तापत जाऊ शकते. ज्याला आपली तहान सांगता येत नाही त्याच्यासाठी हा धोका दुप्पट आहे. म्हणून सूर्योदयाच्या आधीची वेळ, टोपी, ओला रुमाल आणि ठरावीक अंतरावर पाणी, आणि त्याआधी डॉक्टरांचा सल्ला, या गोष्टी बंधनकारक मानल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट साधनाची. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेच्या शिबिरांतून मिळणारी घडीची चाकखुर्ची रोजच्या वावरासाठी असते. तिची पुढची छोटी चाके वेगात थरथरतात, खड्ड्यात अडकतात आणि खुर्ची पुढे कलंडते. धावण्यासाठी तीन मोठ्या चाकांची, पुढचे चाक सरळ रेषेत पक्के असलेली, कमरपट्टा आणि हातातला ब्रेक असलेली खुर्ची लागते. अशी खुर्ची महाग असते, तरीही एकाच शहरातल्या अनेक कुटुंबांना आळीपाळीने वापरता येते.

ज्यांचे पाय थोडेफार हलतात त्यांच्यासाठी ढकलखुर्चीपेक्षा चांगला मार्ग आहे, तो म्हणजे ‘फ्रेम रनिंग’. डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या या प्रकारात तीन चाकांची, पॅडल नसलेली चौकट असते, धावपटू खोगिरावर टेकून छातीला आधार घेतो आणि स्वतःच्या पायांनी जमीन मागे रेटत पुढे जातो. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांना आधाराशिवाय दोन पावले टाकता येत नाहीत असे अनेक जण या चौकटीत धावू शकतात, आणि २०१९ च्या दुबईतील जागतिक पॅरा स्पर्धेत त्यांची १०० मीटरची शर्यत झाली. येथे भावंड ढकलत नाही, शेजारून धावते. सोलापूर हे यंत्रमागाच्या सुट्या भागांचे, लोखंडी कामाच्या छोट्या शेडचे आणि हुन्नरी कारागिरांचे शहर आहे. डॉक्टर आणि भौतिकोपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अशी चौकट येथे तयार होऊ शकत नाही असे मानण्याला काही कारण दिसत नाही.

या सर्वांपेक्षा अवघड गोष्ट घरात करायची आहे. धावणाऱ्या मुलाला भावंडासोबत धावण्याची संधी द्यायची, पण त्याची सक्ती करायची नाही. आठवड्यातले काही दिवस त्याने केवळ स्वतःच्या वेळेसाठी, स्वतःच्या स्पर्धेसाठी धावावे, आणि त्या वेळी घरी कोण थांबणार हे आईवडिलांनी किंवा शेजाऱ्यांनी ठरवावे, त्याने नव्हे. मार्गदर्शक धावकाचा नियम येथे घराच्या नियमासारखा वापरता येतो: ओढू नये, ढकलू नये, आणि दुसऱ्याच्या वतीने रेषा ओलांडू नये. अपंग मुलाला शक्य तेवढे स्वतः करू द्यावे, म्हणजे त्याचे भावंडही मोकळे होते. दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू करून महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये एक पाऊल टाकले. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती होत्या, आणि त्यांच्या भावाबहिणींची मोजणी मात्र कोणी केलेली नाही. ती करायला नवा कायदा लागत नाही.

सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत जे कोणी शाळेच्या शर्यती, पहाटेच्या धावगटांचे सराव किंवा मॅरेथॉन भरवतात, त्यांनी आपल्या प्रवेशअर्जात जोडीचा एक रकाना ठेवावा, जोडीतल्या दोघांनाही क्रमांकाचे फलक आणि दोघांनाही पदक द्यावे, आणि जोडीसाठी सुरुवातीची वेळ दहा मिनिटे आधीची ठेवावी म्हणजे गर्दीत खुर्ची अडकणार नाही. क्रीडाशिक्षकांनी आपल्या संघातल्या मुलांना एकदा विचारावे की घरी अपंगत्व असलेले भावंड आहे काय, आणि असेल तर त्या मुलाचा सराव कधी बुडतो व का, याची नोंद ठेवावी. प्रमाणपत्राच्या आणि पालकत्वाच्या अर्जांवर भावाबहिणीचे नाव आणि वय लिहिण्याची जागा जिल्हा प्रशासनाने करावी, आणि अठरा वर्षांच्या भावंडाला स्थानिक स्तरीय समितीपुढे स्वतःचे म्हणणे मांडू द्यावे. आणि ज्यांच्या घरी अशी दोन मुले आहेत त्यांनी या भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर, धावणाऱ्या मुलाला समोर बसवून विचारावे की पुढे तुला काय करायचे आहे. आणि त्याचे उत्तर काहीही असले तरी ते पूर्ण ऐकून घ्यावे.